रेटा कोण पेलतं?

वरचा थर भुसभुशीत असेल तर विहीर खणणारा खड्ड्याचं तोंड ऐसपैस ठेवतो, बाजू उतरत्या घेतो. नाहीतर माती अंगावर येते. शहरातल्या खोल तळघराला ही सोय नसते. काठालाच रस्ता, शेजारची इमारत, पाण्याच्या वाहिन्या. म्हणून तिथे काम उलट्या क्रमाने करतात: आधी जमिनीच्या पोटात काँक्रीटची भिंत, मग आतली माती बाहेर. हीच डायफ्रॅम वॉल. साइटवरच्या बोलीत ‘डी-वॉल’.

ती समजून घ्यायची तर प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: या घडीला बाहेरच्या माती-पाण्याचा रेटा कोण पेलतंय?

उदाहरण न्यूयॉर्कचं घेऊ. १९६०च्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटरचं बांधकाम सुरू झालं, त्या जागेचा बराच भाग हडसन नदीत भराव टाकून मिळवलेला होता. वर भराव, मध्ये गाळ, पक्का खडक सुमारे ७० फुटांवर. नुसता खड्डा खणला असता तर पाण्याने भरला असता. तेव्हा जागेभोवती तीन फूट जाडीची, खडकात रुतवलेली भिंत घालायचं ठरलं.

भिंत सलग ओतत नाहीत, एकेक पॅनल करत जातात. इथे एक पॅनल साधारण २२ फूट रुंद होतं. आधी वरच्या अंगाला दोन बुटक्या काँक्रीट कडा बांधतात. ही गाइड वॉल. तिच्या मधून क्रेनला लटकवलेला ग्रॅब सरळ खाली उतरतो आणि माती उचलतो. जेवढी माती निघेल तेवढं बेंटोनाइट मातीचं पातळ कालवण चरात सोडतात.

चर ढासळत नाही तो या कालवणामुळे. ते पाण्याहून किंचित जड असतं आणि त्याची पातळी भूजलाच्या वर राखलेली असते, म्हणून ते बाजूंना बाहेर दाबतं. त्यातलं थोडं पाणी मातीत झिरपतं आणि मागे चिकणमातीची पातळ साय धरते. त्या सायीवर कालवणाचा दाब पडतो आणि बाजू जागच्या जागी राहतात. म्हणजे या टप्प्यावर रेटा पेलतो तो चक्क चिखल.

मग सळयांचा पिंजरा चरात सोडतात. ट्रेमी नावाचा लांब नळ तळापर्यंत नेऊन त्यातून काँक्रीट ओततात. नळाचं टोक कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलं हवं, नाहीतर चिखल मिसळून भिंत पोकळ होते. जड काँक्रीट तळातून चढतं आणि हलकं कालवण वर ढकलतं. ते उपसून, वाळू काढून पुढच्या पॅनलला वापरतात.

भिंत झाली, तरी एकटी उभी राहणार नाही. आतली माती टप्प्याटप्प्याने काढताना भिंतीतून तिरपे पोलादी अँकर बाहेरच्या खडकात रोवले आणि ताणून बांधले. आता भार अँकरवर. पुढे तळघराचे मजले झाले, त्यांच्या स्लॅबनी भिंतीला आतून टेकू दिला आणि अँकरचं काम संपलं. खड्ड्यातून निघालेली माती नदीकाठी भरून बॅटरी पार्क सिटीच्या जमिनीचा काही भाग तयार झाला.

११ सप्टेंबर २००१ रोजी दहशतवादी हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले आणि तळघरातल्या बऱ्याच स्लॅब त्यांच्याखाली मोडल्या. तरी भिंत टिकली, कारण पडलेला ढिगाराच तिला टेकू देत होता. तो उपसायला लागल्यावर लिबर्टी स्ट्रीटच्या बाजूची भिंत आत झुकू लागली. मग तिथे आतल्या बाजूने भराव घातला, नवे अँकर मारले आणि जेवढा रेटा अँकर पेलतील तेवढाच ढिगारा काढला.

त्याच जागेवर २०१४ साली उघडलेल्या स्मारक संग्रहालयात या भिंतीचा एक भाग उघडा ठेवला आहे. तिच्या अंगावर अँकरची टोकं रांगेने दिसतात. आपल्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे डोळ्यांनी मोजता येतं.