श्वानांचा पार्व्हो रोग : प्रसार आणि प्रतिबंध

गावातील कुत्री व्याली की काही आठवड्यांतच तिची पिल्ले पारावर, अंगणात आणि शाळेच्या आवारात बागडू लागतात. मुले त्यांना भाकरीचे तुकडे घालतात. अशातच दीड-दोन महिन्यांचे एखादे पिल्लू अन्न सोडते, मलूल होते, ओकाऱ्या करू लागते. पाठोपाठ दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत ते मरते. मागोमाग त्याची भावंडेही जातात. कोणी विष घातले असावे, असा तर्क केला जातो. वास्तविक अशा मृत्यूंमागे पुष्कळदा पार्व्हो हा विषाणुजन्य रोग असतो.

रोगाचा उगम

श्वानांमधील हा रोग फार जुना नाही. १९७८ साली तो प्रथम ओळखला गेला आणि अवघ्या दोन वर्षांत जगभर पसरला. मांजरांना होणाऱ्या एका रोगाच्या विषाणूशी याचे निकटचे नाते आहे. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी भारतातही त्याची नोंद झाली. जेथे पेशी वेगाने वाढतात, तेथे हा विषाणू हल्ला करतो. आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा ही त्याची मुख्य लक्ष्ये होत. त्यामुळे एकीकडे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात, तर दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटून प्रतिकारशक्ती खचते. अगदी कोवळ्या पिल्लांत हृदयाच्या स्नायूंनाही इजा पोहोचू शकते.

प्रसार किती?

केवळ दवाखान्यात आणलेल्या आजारी श्वानांवरून या रोगाच्या व्याप्तीचा अंदाज येत नाही. गावात मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी केल्यावरच खरे चित्र दिसते. सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरलेल्या माळढोक पक्षी अभयारण्यात आणि त्याच्या परिसरात अशी तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या २१९ श्वानांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक श्वानांच्या रक्तात पार्व्होविरोधी प्रतिपिंडे आढळली. म्हणजेच या विषाणूशी त्यांची गाठ पडून गेलेली होती. त्याच माळरानावरील ३३ खोकडांपैकी ४८ टक्के खोकडांतही ही प्रतिपिंडे होती. गावचा रोग वेशीपाशी थांबत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या आकड्यांचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. इतक्या श्वानांना संसर्ग होऊनही ते जिवंत आहेत, तेव्हा रोग सौम्य असावा, असे कोणास वाटेल. परंतु रक्ताची तपासणी होते ती जगलेल्यांची. लहानपणीच मेलेल्या पिल्लांची गणना त्यात होत नाही. विषाणू गावात कायम मुक्कामास असतो, मोठे श्वान बहुतांशी सुरक्षित झालेले असतात आणि दर वितीतील नवी पिल्ले त्याला बळी पडतात.

धोका कोणास अधिक?

सहा आठवडे ते सहा महिने हा वयोगट सर्वाधिक धोक्याचा आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लांना संरक्षक प्रतिपिंडे मिळतात. ती हळूहळू कमी होत जातात. या काळात एक नाजूक अवस्था येते. उरलेली प्रतिपिंडे रोग रोखण्यास अपुरी असतात, परंतु लस निष्प्रभ करण्यास पुरेशी ठरतात. एक मात्रा देऊनही काही पिल्ले दगावतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पोटातील जंत, दूध तुटण्याच्या काळातील ताण, कुपोषण, दाटी आणि अस्वच्छता यांमुळे रोग बळावतो. रॉटवायलर, डॉबरमन व जर्मन शेफर्ड या जातींत धोका अधिक असल्याचे आढळले आहे. गावठी पिल्लेही यापासून मुक्त नाहीत. आजारी श्वानाच्या विष्ठेतून असंख्य विषाणू बाहेर पडतात आणि जमिनीत अनेक महिने तग धरतात. पादत्राणे, कपडे व भांडी यांवाटेही ते पसरतात. संसर्गानंतर साधारणतः तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात.

उपाययोजना

लसीकरण हाच खरा उपाय होय. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा, त्यानंतर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या सुमारास वा त्यानंतर द्यावी लागते. पुढील मात्रांबाबत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये स्थानिक संस्थांनी भटक्या श्वानांचे निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरण करावयाचे असते. परंतु रेबीजची लस पार्व्होपासून संरक्षण देत नाही. ‘कुत्र्याला इंजेक्शन दिले आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहता येणार नाही. निर्बीजीकरणाने मात्र नव्या पिल्लांची संख्या घटते व रोगाला बळी मिळणे कमी होते.

या विषाणूवर हमखास लागू पडणारे औषध नाही. तरीही शिरेवाटे सलाईन व इतर उपचार वेळीच मिळाल्यास बहुतेक पिल्ले वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात. म्हणून ओकारी व जुलाब दिसताच पिल्लास वेगळे ठेवून दवाखान्यात न्यावे. मृत पिल्ले उघड्यावर न टाकता खोल पुरावीत. जागा प्रथम स्वच्छ धुऊन घ्यावी. मग घरगुती वापराच्या ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून फरशीवर टाकावा व दहा मिनिटे राहू द्यावा. जेथे पिल्ले मेली, तेथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू काही महिने आणू नये.

श्वानांचा पार्व्हो माणसांना होत नाही. त्यामुळे भयापोटी पिल्लांना दूर सोडून देण्याचे कारण नाही. तसे केल्याने रोग केवळ दुसऱ्या वस्तीत जातो. शिक्षकांनी मुलांना ही माहिती द्यावी आणि पंचायत सदस्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने गावातील पाळीव पिल्लांच्या लसीकरणाचा दिवस ठरवावा. पारावर खेळणाऱ्या पिल्लांचे प्राण वाचविणे गावाच्या आवाक्यातील काम आहे.