भाताच्या बांधींतील पाणी आणि मिथेन वायु

भाताच्या शेतांतून मिथेन नांवाचा वायु निघतो व तो पृथ्वीवरील उष्णता वाढवितो, असें अलीकडे वारंवार वाचनांत येतें. तें वाचून आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस राग येतो. गिरण्यांचा व मोटारींचा धूर ज्यांनीं सोडला ते बाजूस राहिले आणि चिखलांत राबणाऱ्यावर खटला भरला, असें त्यांस वाटतें. हा राग अगदींच निराधार नाहीं. परंतु त्यापायीं एक फायद्याची गोष्ट नजरेआड होऊं नये, एवढ्याकरितां हा लेख लिहीत आहों.

प्रथम आकड्यांविषयीं. १९९० सालीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें आपल्या देशांतील भातशेतीच्या नांवें दरसाल सुमारें पावणेचार कोटि टन मिथेन मांडला होता. दुसरीकडे केलेली मोजणी आपल्या क्षेत्रास लावून हा हिशेब झाला. तेव्हां दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें डॉ. ए. पी. मित्र यांच्या पुढारपणाखालीं १९९१ सालीं देशांत ठिकठिकाणच्या भातशेतांत प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा निघाला सुमारें ४० लक्ष टन, म्हणजे जवळजवळ नवमांश! पीक न पाहतां कचेरींत बसून पैसेवारी भरली म्हणजे काय होतें, हें महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस कोणीं नव्यानें सांगावयास नको.

हा फरक कां पडला, हें मात्र समजून घेण्यासारखें आहे. आपल्याकडील पुष्कळ भात पावसावर होतो. मध्यंतरीं पावसानें ओढ दिली कीं बांधी उघडी पडते. जेथें शेत सतत पाण्याखालीं राहतें, तेथेंच हा वायु भरपूर निघतो. पाणी तुंबलें म्हणजे जमिनींतील प्राणवायु थोड्याच दिवसांत संपतो. मग प्राणवायूवांचून जगणारे सूक्ष्म जंतु धसकटें, मुळ्या व कच्चें खत यांच्या कुजण्यावर पोसतात आणि मिथेन सोडतात. तो बहुतांशीं भाताच्या रोपांतील पोकळींतूनच वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें २८ पट उष्णता वाढवितो. पण हवेंत त्याचें आयुष्य अवघें बारा वर्षांच्या आसपास असतें. म्हणून आज तो आवरला तर त्याचें फळ आपल्या मुलांबाळांच्या नव्हे, आपल्याच हयातींत दिसूं शकतें.

उपाय फिलिपाईन्स देशांतील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें रूढ केला आहे. ही संस्था १९६० सालीं निघाली. एक फूट लांबीचें व चार ते सहा इंच रुंद तोंडाचें बांबूचें अथवा प्लास्टिकचें नळकांडें घ्यावें. त्याच्या खालच्या अर्ध्या भागास सर्व बाजूंनीं भोकें पाडून तो भाग जमिनींत पुरावा व आंतील माती काढून टाकावी. लावणीनंतर दोन आठवडे पाणी ठेवावें, म्हणजे तण मातत नाहीं. नंतर पाणी देणें थांबवावें. शेत वरून सुकलेलें दिसेल. तेवढ्यानें घाबरूं नये. नळकांड्यांत पाणी जमिनीच्या सहा इंच खालीं गेलें कीं पुनः दोन इंच पाणी भरावें. फुलोऱ्याच्या आधीं एक आठवडा व नंतर एक आठवडा मात्र पाणी तुटूं देऊं नये. त्या वेळीं ताण बसल्यास पळींज वाढते. युरिया द्यावयाचा तो पाणी भरण्याच्या लगेच आधीं द्यावा. सुकण्या-भिजण्यांत नायट्रस ऑक्साइड हा दुसरा वायु कांहींसा वाढतो हें खरें, तरी एकंदर हिशेब फायद्याचाच राहतो. मिथेन सुमारें निम्म्यावर येतो, पाणी तीस टक्क्यांपर्यंत वांचतें, व सहा इंचांची मर्यादा पाळल्यास उत्पन्न घटत नाहीं.

फिलिपाईन्समधील बोहोल बेटावरील हकीकत आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. तेथें पाटाच्या शेवटास असलेल्या शेतकऱ्यांस पाणी पोंचत नसे. वरचे लोक शेत तुडुंब ठेवीत. नवें बायोंगान धरण झाल्यावर तेथील पाटबंधारे खात्यानें पाळ्या लावून ही पद्धति सुरू केली. दोन्ही मिळून परिणाम असा झाला कीं शंभर एकरांत पूर्वी वर्षास सुमारें ११९ एकर पीक निघे, तें १६० एकरांवर गेलें. तेथील शेतकऱ्यानें वायूसाठीं नव्हे, पाण्यासाठीं ही रीति धरली, आणि आमच्या मतें हेंच योग्य कारण आहे.

पाणीपट्टी एकरावर असली तर पाणी वांचविणाऱ्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. आपल्याकडे २००५ च्या अधिनियमान्वयें पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची तरतूद आहे. जेथें हें खरोखर अमलांत आहे, किंवा जेथें पंपाचें बिल स्वतः भरावें लागतें, तेथें हिशेब आपोआप जुळेल. कोंकणच्या आषाढ-श्रावणांतील खाचरांस ही पद्धति लागू नाहीं. आभाळास पाळ्या कोण लावणार? भंडारा-गोंदियाकडील उन्हाळी धानास मात्र ती अगदीं योग्य आहे. पावसाळी भातांत एवढें करतां येतें कीं पेंढा व धसकटें चिखलणीच्या तोंडावर न गाडतां महिनाभर आधीं गाडावींत, अथवा कुजवून खत करून घालावींत. त्यानेंही मिथेन पुष्कळ कमी होतो.

आतां वायूच्या बचतीचे पैसे देऊं, असें सांगत कंपन्यांचे लोक गांवोगांव फिरतात. ही कल्पना खोटी नाहीं. परंतु २०२४ सालीं चीनमधील असे ३७ भात-प्रकल्प नोंदणी करणाऱ्या संस्थेनेंच रद्द केले, हेंही ध्यानांत असावें. अंगठा उठविण्यापूर्वी करार मराठींत मागून घ्यावा. किती वर्षें बांधून घेतात, रकमेंतील वांटा किती, नोंदणी रद्द झाल्यास भार कोणावर, हीं कलमें वाचावींत. पाणी केव्हां दिलें व केव्हां तोडलें याची तारीखवार वही मात्र करार असो वा नसो, स्वतःच्या हातानें ठेवावी.