दीडशे मीटरला एक मीटर

मुंबईहून तिरुवनंतपुरमला विमान दोन-सव्वादोन तासांत पोचतं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस त्यासाठी साधारण तीस तास घेते. निकडीचं काम असेल तर विमानानंच जावं. पण हे तीस तास कुठे जातात ते एकदा कळलं, की त्यातला एकही कमी व्हावा असं मला वाटत नाही.

सुरुवात चाकापासून करावी लागते. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ते जेमतेम एका नाण्याएवढ्या जागेत. दोन्ही इतके टणक की टेकताना दबत नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणून गाडी थोडक्या ताकदीत धावते आणि वीस-बावीस डबे एकटं इंजिन ओढून नेतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे चाकाची धाव सपाट नसते. ती आतून बाहेर किंचित निमुळती होत जाते, आणि दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. वळण आलं की आस जरासा बाहेर सरकतो. बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालू लागतं, आतलं बारीक भागावर. एकाच फेऱ्यात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि गाडी आपोआप वळते. चालकापुढे स्टिअरिंग नसतं, कारण वळण्याची अक्कल चाकाच्या आकारातच आहे! केवळ भूमितीच्या जोरावर शेकडो टनांची गाडी वळताना पाहिली की मला आजही थक्क व्हायला होतं.

मात्र सपाटीवर कामाला येणारा पोलादी चाक-रुळांचा गुळगुळीतपणा चढावर आडवा येतो. चाकं घसरतात. म्हणून कोकण रेल्वे बांधताना दंडक ठेवला: दीडशे मीटर पुढे गेल्यावर चढ फार तर एक मीटर. आता कोकणाचा नकाशा आठवा. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत डोंगरांच्या सोंडा उतरलेल्या, दोन सोंडांमध्ये एकेक नदी, आणि रेल्वेला जायचंय उत्तरेकडून दक्षिणेला, या सगळ्यांना आडवं छेदत. सोंड आली की बोगदा, नदी आली की पूल. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरांत नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरात. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. रत्नागिरी सोडल्यावर लगेच पानवलचा पूल, दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच. अंधार, उजेड, पाणी, पुन्हा अंधार: खिडकीतला हा खेळ त्या दीडशेला एकच्या दंडकातून आला आहे.

ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामात सर्वांत जास्त छळलं ते कातळानं नव्हे, मातीनं. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओली माती खणली की ढासळायची. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. या कामात जीव गमावलेल्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकावर आहे. तिथे उतरलात तर दोन मिनिटं थांबा.

आणि मग जांभा. रूळमार्गासाठी कापलेल्या टेकड्यांच्या उभ्या कडा लालभडक दिसतात, तो हा दगड. धो धो पाऊस आणि उष्णता यांनी खडकातली वाळूची द्रव्यं हजारो-लाखो वर्षं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. जमिनीतून काढताना तो नरम असतो, उघड्या हवेत कडक होत जातो. सिंधुदुर्ग-गोव्याच्या आसपास सह्याद्रीचा काळा बसाल्ट संपतो, पुढे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात, तरी वरची लाली सुटत नाही. कर्नाटकाचा किनारा बहुतेक रात्रीत जातो. शरावतीचा दोन किलोमीटरहून लांब पूल कानानंच ओळखावा लागतो. सकाळी केरळात जाग येते तेव्हा पाट्यांवरची लिपी मल्याळम झालेली असते, फेरीवाल्याच्या हातात वडापावऐवजी केळ्याची पळंपोरी असते, पण घराची भिंत मात्र तीच, जांभ्याची. याच केरळात, अंगाडिपुरमला, फ्रान्सिस बुकानननं या दगडाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि १८०७ मध्ये ते छापून आलं. आपल्या देवगड-राजापूरच्या गडग्यांचा दगड आणि तो दगड एकाच जातीचे आहेत, हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, खिडकीतून पटलं.

विमानही कमी अद्भुत नाही. बाहेर उणे पन्नास अंश आणि आत माणसं निवांत बसलेली! पण केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ. त्या बंद हवेत कोकणाचा ओला वास नाही की मलबारचा दमटपणा नाही. रेल्वेत हवा बदलते, आणि पिवळ्या पाटीवर स्थानकाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. ती वाचत जावी.

जायचं ठरवलंत तर वातानुकूलित डबा टाळा, उघडी खिडकी मिळेल असं बघा. दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डाव्या हाताला राहतो. कोकणात रुळांवरून समुद्र फारसा दिसत नाही. तो कासरगोडनंतर अधूनमधून उजवीकडे दिसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी जागा बदलून घ्या.