पुलाचा संगणकातला जुळा

नागपूरकरांनो, गड्डीगोदामला एकदा मान वर करून बघाच! खाली रस्ता, त्यावर रेल्वे, मग उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. नागपूर मेट्रोचं काम महामेट्रोने 5डी बीआयएमवर चालवलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्चाची जोड.

डिजिटल ट्विन, म्हणजे खऱ्या पुलाचा संगणकातला जुळा, ही त्यापुढची पायरी. पुलावरचे सेन्सर ताण, कंप, तापमान मॉडेलला सतत कळवतात. 100 मीटरचा पोलादी गर्डर तापमानातल्या 40 अंशांच्या फरकाने सुमारे 48 मिलिमीटर लांबतो (आपला उन्हाळा ठाऊक आहेच!). मॉडेलच्या हिशेबाइतकी हालचाल दिसली नाही, तर गर्डर ज्यावर टेकतो ते बेअरिंग अडकल्याची शंका घ्यायची आणि माणूस पाठवून तपासायचं.

अभियांत्रिकीच्या पोरांनो, प्रोजेक्टला विषय शोधताय ना? हा घ्या.