फेरफार केलेली गाडी आणि तिचा विमा
लेखांक ७ : प्रश्न गाडीला विचारलेला असतो

स्वेदलिंगच्या कारखान्यात १९७२ पासून तयार होत आलेल्या आणि जुलै २०१३ मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत आपल्या साउथहॅम्प्टनची ओळख बनून राहिलेल्या ट्रान्झिट गाडीला आतून घराचे रूप दिले म्हणजे तिचा विमा कसा उतरवावा, हा विषय आज घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु शर्ली भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनींच्या पत्राने माझे मन असे काही व्यापले, की ट्रान्झिटला आणखी एक आठवडा थांबावे लागेल.

त्या लिहितात, "गाडी मी जुनी घेतली. मोठी अलॉय चाके पहिल्या मालकाने बसवलेली. मी तर साधा दिवाही बदललेला नाही. मग अर्जात 'गाडीत फेरफार केला आहे काय' या प्रश्नापुढे मी 'नाही' असे लिहिले, यात माझे काय चुकले?"

पत्र हाती पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या दारी गेलो. चालकाच्या बाजूचे दार उघडले, की चौकटीच्या खांबावर टायरमधील हवेच्या दाबाची एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली आढळते. तिच्यावर १९५/६५ आर १५ आणि २०५/५५ आर १६ अशी दोनच मापे होती आणि प्रत्यक्ष टायरवर मात्र २२५/४० आर १८ असे ठसठशीत कोरलेले होते. मग चाकाच्या कमानीत टॉर्चचा झोत टाकला, तेव्हा कारखान्यातून येणाऱ्या काळ्या स्प्रिंगऐवजी लाल रंगाची, दुसऱ्याच उत्पादकाचे नाव छापलेली स्प्रिंग दिसली. गाडी जमिनीलगत बसवण्याची ही व्यवस्था बाईंनी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

येथे नीट ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की अर्जातील प्रश्न मालकाच्या हातून काय घडले याविषयी नसून, गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशीच आज आहे काय, याविषयी असतो. फेरफार कोणी केला, कोणत्या साली केला, त्याचे पैसे कोणी मोजले, हा सारा तपशील गौण होय. गाडी खरेदी करताना उत्पादकाकडूनच मागवून घेतलेली मोठी चाके आणि मागाहून बाजारातून आणून चढवलेली चाके यांत विमेवाला भेद करतो, म्हणूनही त्या चिठ्ठीचे साक्षीमूल्य मोठे आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधीत गेले, की आपण थेट सुमात्रा बेटावरील बेंकूलेन येथे जाऊन पोहोचतो. ईस्ट इंडिया कंपनीचा तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने फोर्ट मार्लबरो परक्या शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीचा विमा लंडनमध्ये उतरवला होता. १७६० साली फ्रेंचांनी तो किल्ला घेतला, तेव्हा विमेवाला बोएम याने हरकत घेतली, की किल्ल्याची दुर्बलता आणि हल्ल्याची भीती ही हकीकत आपल्यापासून लपवण्यात आली. १७६६ मध्ये या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी विमा हा परस्परांच्या सद्भावावर उभा असलेला करार होय, हे तत्त्व विस्ताराने मांडले. परंतु निकाल लागला तो कार्टरच्या बाजूने, कारण युद्ध चालू असल्याचे लंडनमध्ये कोणालाही ठाऊक होते आणि ज्याला शंका होती त्याने विचारणे प्राप्त होते.

पुढे १९०६ च्या सागरी विम्याच्या कायद्याने, न विचारलेली महत्त्वाची हकीकतही आपण होऊन सांगण्याचा भार ग्राहकावर घातला. आणि एका शतकानंतर, २०१२ मध्ये मंजूर होऊन ६ एप्रिल २०१३ पासून अंमलात आलेल्या ग्राहक-विम्याच्या कायद्याने तो भार उतरवून, विचारलेल्या प्रश्नाचे वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर देणे एवढेच कर्तव्य सामान्य माणसाकडे ठेवले. बेंकूलेनच्या निकालातील न्यायबुद्धी अशा रीतीने अडीचशे वर्षांनी शर्लीतल्या एका गृहिणीच्या उपयोगी पडावी, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

स्प्रिंगविषयी बाईंचे अज्ञान वाजवी होते, असे निःशंक म्हणता येईल. चाकांविषयी तसे म्हणता येणार नाही, कारण ती त्यांना दिसत होती. अशी चूक निष्काळजीपणाची ठरली आणि खरे उत्तर मिळाले असते तर विमेवाल्याने केवळ हप्ताच वाढवला असता, तर भरपाई त्या प्रमाणात घटते: ९०० पौंडांच्या जागी ६०० भरले असतील, तर ६,००० पौंडांच्या दाव्यावर ४,००० हाती पडतात. जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले, तर मात्र करारच रद्दबातल होतो आणि भरलेला हप्ताही परत मागता येत नाही.

आता स्वस्ताईचा मुद्दा. खरे सांगितले, की हप्ता परवडेनासा होतो, ही समजूत मी या लेखमालेत पहिल्यापासून खोडून काढीत आलो आहे. संगणकावरील ठरावीक चौकटींतून एखादी कंपनी लाल स्प्रिंगला नकार देईल. परंतु फेरफार केलेल्या गाड्यांचाच व्यवहार करणाऱ्या ब्रोकरला दूरध्वनी करून छायाचित्रे, बिले, बदलांची संपूर्ण यादी आणि वर्षाकाठी गाडी खरोखर किती मैल धावते तो आकडा असे सारे दस्तऐवज पुढे ठेवले, तर तो जोखमीचे मोजमाप अंदाजाने न करता पुराव्याने करू शकतो, आणि अंदाजाची किंमत नेहमीच चढी असते. नूतनीकरणाच्या तीन-चार आठवडे आधी ही चौकशी सुरू करावी. जादा बसवलेल्या भागांची भरपाई तशाच भागांनी मिळणार की कारखान्याच्या साध्या भागांनी, हे लेखी विचारून घ्यावे. कारण दुसऱ्या प्रकारात अठरा इंची चाके गेली तर पंधरा इंचीच परत येतात.

बाईंना मी एवढेच सुचवले, की नूतनीकरणाची वाट न पाहता आजच कंपनीला कळवावे, कारण मुदतीत उघडकीस आलेला बदल कळवण्याचे कलम बहुतेक पॉलिसींत असतेच. आणि हप्ता फारच चढला, तर पहिल्या मालकाकडे मूळ चाके पडून आहेत काय, याची विचारणा करावी. त्यांनी तेथेच वहीत यादी लिहावयास घेतली: चाके, टायर, स्प्रिंग. चौथ्या ओळीशी त्या थांबल्या आणि मागे वाकून म्हणाल्या, "हा टोबार पण लिहायचा का हो?"

लिहावयाचा. ट्रान्झिट पुढील शनिवारी, तीही टोबारासह.