केशनळीतून रक्ताची निवड

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि रेणूवरचा ऋणभार घटतो. पालघरच्या आदिवासी पाड्यांवरही आढळणारा हा आजार ओळखताना कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे केशनळीत विद्युतदाबाने रेणू वेगळे करण्याची पद्धत, एवढाच फरक हेरते.

जॉर्गनसन आणि लुकाक्स या संशोधकांनी 1981 साली 75 मायक्रोमीटर पोकळीच्या काचनळीत ही पद्धत यशस्वी केली. नळी इतकी बारीक, कारण हजारो व्होल्टमुळे होणारी उष्णता लगेच बाहेर पडावी लागते. आजची सिलिकाची नळी तपकिरी आवरणामुळे वाकते. ते खरवडले की नळी जराशा धक्क्याने तुटते. तरी प्रकाश आत जाण्यासाठी तेवढी एक खिडकी उघडी ठेवावीच लागते.

अल्कधर्मी द्रावण ऋणाग्राकडे वाहते, ऋणभारित रेणू मागे रेंगाळतात. म्हणून हिमोग्लोबिनच्या प्रकारांपैकी आधी ए-टू येते, मग एस, एफ आणि शेवटी नेहमीचे ए. ए-टू साडेतीन टक्क्यांपुढे गेले, तर थॅलेसेमिया वाहकाचा संशय. मात्र लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढून फसवू शकते.

हीच पद्धत शर्करांसाठीही वापरतात, पण प्रथिनांना चिकटलेल्या अनेक शर्करांना ना रंग, ना भार. त्यांना एपीटीएस हा रंग जोडतात: तीन ऋणभार मिळतात, लेसरखाली चमकही येते.