मंद वाऱ्यासाठी पाते

पवनचक्कीचे पाते मधोमध कापले असता पुढे गोलसर आणि मागे निमुळता होत गेलेला जो छेद दिसतो, त्याला पात्याची आकृती किंवा प्रोफाइल म्हणतात, आणि वाऱ्यातील ऊर्जेचा किती वाटा फिरत्या आसापर्यंत पोहोचेल हे बऱ्याच अंशी या छेदावर ठरते. पूर्वी अशा आकृतीची परीक्षा वातबोगद्यातच, म्हणजे कृत्रिम वारा सोडणाऱ्या बंदिस्त नळात, करावी लागे. आता ती आधी संगणकावर होते, आणि त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य मिळत असल्यामुळे, 1960 साली सुरू झालेल्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेपासून शहराच्या चहूबाजूंच्या खासगी महाविद्यालयांपर्यंत नागपुरातील कोणत्याही अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या आवाक्यात हे काम आले आहे. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने ओपनफोम या प्रवाहाचे गणित करणाऱ्या आज्ञावलीच्या शिक्षणासाठी केलेल्या कामाचाही यात वाटा आहे.

नागपूर हे पवनचक्क्यांचे गाव नव्हे. साताऱ्याचे वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार किंवा धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे जसा वारा वाहतो तसा विदर्भाच्या या सपाटीवर वाहत नाही. हिवाळ्यात तर येथे दिवसच्या दिवस पान हलत नाही, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंतचा काळच काय तो उपयोगाचा असतो. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांश उरते. 2 मीटर व्यासाच्या चक्कीतून सेकंदाला 4 मीटर वेगाचा वारा जात असेल, तर त्यात सुमारे 110 वॅट शक्ती असते. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवलेल्या मर्यादेनुसार त्यातील 59.3 टक्क्यांहून अधिक कोणत्याही चक्कीला काढता येत नाही, आणि लहान चक्क्या प्रत्यक्षात 30 टक्क्यांच्या आसपास घुटमळतात. हाती येतात ते 30-35 वॅट. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पात्याची आकृती चुकीची निवडणे परवडत नाही, आणि संगणकीय अभ्यासाचे खरे प्रयोजन येथूनच सुरू होते.

ही निवड पाठ्यपुस्तकावर सोपवण्याचा मोह मोठा असतो. विमानविद्येच्या पुस्तकांत ‘नाका 4412’ ही आकृती हमखास भेटते. तिच्या नावातील पहिले दोन अंक बाक किती आणि कोठे आहे ते सांगतात (जीवेच्या, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतच्या रेषेच्या, 4 टक्के, तोही 40 टक्के अंतरावर), तर शेवटचे दोन अंक जाडी 12 टक्के असल्याचे दर्शवतात. अमेरिकेच्या ‘नाका’ या विमानविद्या समितीच्या लँग्ली येथील प्रयोगशाळेत या कुलातील आकृत्यांची मोजमापे झाली आणि ती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली; मात्र ती सुमारे 30 लाख रेनॉल्ड्स अंकाला घेतलेली होती. रेनॉल्ड्स अंक म्हणजे वेग आणि जीवा यांच्या गुणाकाराला हवेच्या गतिक श्यानतेने, सोप्या भाषेत तिच्या चिकटपणाच्या मापाने, भागून येणारी संख्या. ती मोठी असली की प्रवाहावर जडत्वाची सत्ता चालते, लहान असली की चिकटपणाची. नागपूरच्या 4 मीटर वेगाच्या वाऱ्यात वर सांगितलेल्या चक्कीचे 10 सेंटिमीटर रुंदीचे टोक सेकंदाला 24 मीटर वेगाने फिरत असले, तरी हा अंक सव्वा-दीड लाखाच्या पलीकडे जात नाही, आणि आसाजवळ तो आणखी खाली येतो. 30 लाखांना मोजलेले गुण 1 लाखाला टिकत नाहीत. 4412चे उत्थापन (वाऱ्याला आडवे उचलणारे बल) आणि रोध (वाऱ्याच्या दिशेने मागे ओढणारे बल) यांचे सर्वोत्तम गुणोत्तर तेथे निम्म्याहूनही कमी होते.

त्यात नागपूरच्या उन्हाळ्याची भर पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवरील या शहरात नवतप्याच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या, दिवसांत पारा 45 अंशांवर जातो तेव्हा हवेची घनता घनमीटरला 1.06 किलोग्रॅमपर्यंत उतरते, तर पुस्तकी गणिते 1.225 धरून केलेली असतात. शक्तीत थेट 13 टक्क्यांची तूट येते आणि तापलेली हवा अधिक चिकट होत असल्यामुळे रेनॉल्ड्स अंकही घसरतो. आज्ञावलीत घनता आणि श्यानता यांचे आकडे भरायच्या दोनच ओळी असतात, आणि त्या तशाच ठेवून दिलेले किती तरी प्रकल्प-अहवाल पुढे सरकत असावेत.

प्रत्यक्ष काम बिंदूंच्या एका साध्या यादीपासून सुरू होते. मायकेल सेलिग यांनी इलिनॉय विद्यापीठात जमवलेल्या संग्रहातून आकृतीची फाइल घेतात. तिच्यातील बिंदू मागच्या टोकापासून निघून वरच्या पृष्ठावरून पुढच्या टोकाला वळसा घालतात आणि खालच्या पृष्ठावरून परत येतात. पुढच्या टोकाशी बिंदू विरळ असतील तर वक्र नकळत कोनेदार होतो आणि दाबाच्या आलेखात तेथे एक खोटा काटा उभा राहतो. सरावलेला डोळा तो लगेच हेरतो. मागचे टोक गणितात शून्य जाडीचे असते, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानात ते कोणी तासू शकत नाही आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतून फायबरचे पाते करून घ्यायचे म्हटले तरी साच्याला निदान मिलिमीटरभर जाडी द्यावीच लागते. म्हणून ते टोक आधीच बोथट करून मग तपासणे शहाणपणाचे ठरते.

यानंतर जाळी विणली जाते, म्हणजे आकृतीभोवतीची हवा हजारो लहान घरांत विभागली जाते आणि प्रत्येक घरासाठी प्रवाहाची समीकरणे सोडवली जातात. सर्वांत नाजूक भाग पृष्ठभागाला चिकटून असतो. तेथे हवेचा वेग शून्यापासून बाहेरच्या वेगापर्यंत चढत जातो. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात, आणि त्याचा तळ नीट पकडायचा असेल तर 1 लाख रेनॉल्ड्स अंकाच्या पात्यावर पहिल्या घराची उंची सुमारे 0.02 मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी, ठेवावी लागते. ही घरे बाहेरच्या बाजूला हळूहळू मोठी होत जातात आणि जाळीची सीमा जीवेच्या 15-20 पट दूर नेतात, जेणेकरून कृत्रिम कडेचा दाब आकृतीपर्यंत पोहोचू नये. मग हीच जाळी दुप्पट बारीक करून उत्तर बदलते का ते पाहतात. बदलले, तर आधीचे उत्तर हवेचे नव्हते, जाळीचे होते.

मंद वाऱ्यात खरी कसोटी लागते ती एका छोट्या घटनेने. पुढच्या टोकापासून सीमास्तर शांत, स्तरीय राहतो. वरच्या पृष्ठाच्या मध्याकडे दाब पुन्हा वाढू लागला की त्या मंदावलेल्या थराला पुढे रेटण्याइतकी ऊर्जा उरत नाही, तो पृष्ठापासून सुटतो, हवेतच खळबळून क्षुब्ध होतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा पृष्ठाला येऊन चिकटतो. मधल्या पोकळीला विलगन बुडबुडा म्हणतात. तो रोध वाढवतो आणि फारच लांबला तर उत्थापनही घेऊन जातो. साध्या क्षुब्धता-प्रतिमानांत, उदाहरणार्थ मेंटर यांच्या 1994च्या एसएसटी प्रतिमानात, प्रवाह पहिल्यापासून क्षुब्ध धरला जातो, त्यामुळे हा बुडबुडा दिसतच नाही. गणित सुरळीत संपते, लाल-निळी चित्रे देखणी येतात आणि रोधाचा आकडा चुकलेला असतो. बुडबुडा पकडण्यासाठी संक्रमणाचे, म्हणजे स्तरीय थर क्षुब्ध केव्हा होतो हे सांगणारे, वेगळे प्रतिमान जोडावे लागते. म्हणून नव्या आकृतीला हात घालण्यापूर्वी एपलर 387 या आकृतीवर सराव करण्याची रीत आहे; तिची मोजमापे नासाच्या लँग्ली केंद्राने कमी रेनॉल्ड्स अंकांना घेऊन 1988 मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि बुडबुडा कोठे सुरू होतो व कोठे मिटतो हे त्यांत दिसते.

मार्क ड्रेला यांनी 1986च्या सुमारास एमआयटीत लिहिलेली एक्सफॉइल ही आज्ञावली बुडबुड्यासह आकृती तपासण्याचे हेच काम सेकंदांत करते. संक्रमण केव्हा होईल हे तीत ‘एन-क्रिट’ नावाच्या एका संख्येने ठरते. शांत वातबोगद्यासाठी ती 9 धरतात. नागपुरातील धरमपेठ किंवा महाल या वस्त्यांतील गच्चीवरचा वारा टाक्या, जिने आणि शेजारच्या इमारती यांनी घुसळलेला असतो, त्यामुळे तेथे 4 किंवा 5 धरणे अधिक योग्य. मे महिन्याची धूळ पुढच्या टोकाला बसली तर संक्रमण आणखी लवकर होते, आणि गंमत अशी की 1 लाखाच्या आसपास एखाद्या आकृतीला ती धूळ मानवतेही, कारण क्षुब्ध थर सुटत नाही आणि बुडबुडाच नाहीसा होतो.

येणारा वारा जीवेशी जो कोन करतो त्याला आपात कोन म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘अल्फा’च म्हणतात. उणे 4 अंशांपासून 16 अंशांपर्यंत एकेक अल्फा घेऊन गणित चालवले जाते, पडद्यावर त्रुटीच्या रेषा खाली उतरत जातात, आणि 11-12 अंशांच्या पुढे केव्हातरी त्या उतरायच्या थांबून लाटा काढू लागतात. प्रवाह पृष्ठापासून सुटून मागे भोवरे सोडू लागला आहे, स्थिर उत्तर असे उरलेलेच नाही, हे त्या लाटा सांगतात. अशा वेळी सरासरी काढून आकडा भरण्यापेक्षा काळानुसार बदलणारे गणित लावावे. थांबलेली चक्की सुरू होतानाची स्थिती तर याहून बिकट असते: 3 मीटरच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या पात्यावर रेनॉल्ड्स अंक जेमतेम 20 हजार आणि अल्फा मोठा असतो. तेथे आकृतीपेक्षा आसाजवळच्या पात्याची रुंदी आणि पीळ अधिक कामी येतात.

शेवटी आकृत्यांची तुलना होते तेव्हा नजर उत्थापन-रोध गुणोत्तराच्या आलेखाच्या शिखराकडे जाते. सेलिग आणि जिगेर यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस 1 ते 5 किलोवॅटच्या चक्क्यांसाठी रचलेल्या एसजी 6040 ते 6043 या आकृत्या कमी रेनॉल्ड्स अंकांसाठीच आखलेल्या असल्यामुळे 4412पेक्षा वरचढ ठरतात. त्यांपैकी 16 टक्के जाडीची 6040 ही आसाजवळ वापरायची आहे आणि 10 टक्के जाडीच्या उरलेल्या आकृत्या टोकाच्या बाजूला. तरीही नागपूरसाठी निवड करताना शिखराच्या उंचीपेक्षा त्याच्या रुंदीला अधिक महत्त्व द्यावे असे वाटते. झुळकांच्या वाऱ्यात अल्फा क्षणाक्षणाला चार-पाच अंशांनी हलतो, शिवाय हाताने तासलेल्या पात्याच्या पिळात अंशभराची चूक राहतेच. म्हणून एका अल्फाला चमकणाऱ्या आकृतीपेक्षा 4 ते 9 अंशांपर्यंत फारशी न ढळणारी आकृती घेऊन, तिचे गणित पिळात 1 अंश अधिक आणि 1 अंश उणे धरून पुन्हा चालवले जाते, आणि त्यानंतरच रुंदी व पिळाचा तक्ता कारखान्याकडे जातो.